नागरिकत्वाची परीक्षा : प्रश्नपत्रिका नाही, निकालाचे कारणही नाही!

विशेष प्रतिनिधी

नालवाडी (जि. वर्धा) : भाषेची परीक्षा म्हणजे काय, हे वर्धेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९३६ मध्ये येथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या 'परिचय', 'कोविद', 'रत्न' या हिंदी परीक्षांना अहिंदी प्रांतांतील किती पिढ्या बसल्या, याची गणती करणे अवघड आहे. शहराला लागून असलेल्या नालवाडीत १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे राहायला आले. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी चारही दाक्षिणात्य भाषांचा अभ्यास केला. परक्याची भाषा शिकणे हा त्याच्याशी नाते जोडण्याचा मार्ग आहे, असे मानणाऱ्यांचा हा परिसर. मात्र या सगळ्या परीक्षा स्वेच्छेच्या होत्या. 'कोविद'मध्ये नापास झालेल्याला कोणी देशाबाहेर काढत नव्हते.

आज जगभर ज्या परीक्षेची चर्चा आहे, ती वेगळ्या जातीची आहे. परदेशातून आलेल्या माणसाला नागरिकत्व देण्यापूर्वी त्याची भाषा, त्या देशाच्या इतिहासाचे व राज्यपद्धतीचे ज्ञान तपासावे की नाही, हा तो प्रश्न. अमेरिकेने २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही परीक्षा अधिक कठीण केली. पूर्वी १०० प्रश्नांच्या संचातून दहा विचारले जात आणि सहा बरोबर आले की पुरे होत असे. नव्या पद्धतीत संच १२८ प्रश्नांचा आहे. त्यातून वीसपर्यंत प्रश्न विचारले जातात आणि बारा उत्तरे बरोबर यावी लागतात. पुण्या-नागपूरच्या कितीतरी घरांतील मुले-मुली या परीक्षेच्या तयारीत आहेत. त्यामुळे 'मग आपल्याकडे का नको?' हा प्रश्नही घरोघरी निघतो. घुसखोरीच्या वादाने तापलेल्या वातावरणात तो आणखी टोकदार होतो.

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारतात नागरिकत्वाची परीक्षा नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. परीक्षा आहे, पण तिला अभ्यासक्रम नाही, गुण नाहीत आणि नापास का केले हे सांगण्याचे बंधन परीक्षकावर नाही.

इंग्रजी येणारा नापास

नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्याच्या कलम ६ नुसार परदेशी व्यक्तीला देशीयकरणाने नागरिकत्व मिळू शकते आणि त्यासाठीच्या अटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत एकूण ११ वर्षे भारतात वास्तव्य, चांगले चारित्र्य, मूळ देशाचे नागरिकत्व सोडण्याची तयारी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान, या त्यांतील मुख्य अटी. मूळ कायद्यात सात वर्षांत चार वर्षांचे वास्तव्य पुरेसे होते. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या होत ही मुदत जवळजवळ तिपटीने वाढली.

भाषेची अट पहिल्या दिवसापासून आहे, पण तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत आणि त्यांत इंग्रजी नाही. मुंबईत पंधरा वर्षे काढलेला, उच्च न्यायालयाचे निकाल सहज वाचणारा, पण इंग्रजीखेरीज भारतात चालणारी एकही भाषा न येणारा परदेशी माणूस कायद्याच्या अक्षरानुसार या अटीत बसत नाही. उलट काठमांडूहून आलेल्याची नेपाळी, लाहोरहून आलेल्याची पंजाबी किंवा उर्दू, ढाक्याहून आलेल्याची बंगाली, जाफन्याहून आलेल्याची तमिळ, सक्करहून आलेल्याची सिंधी या सगळ्या भाषा यादीत आहेत. सीमा ओलांडण्यापूर्वीच ही मंडळी भाषेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली असतात. तिबेटी, पश्तू, बर्मी, सिंहली मात्र यादीत नाहीत.

याचा अर्थ असा की, ज्या घुसखोरीला आळा घालण्यासाठी भाषेची परीक्षा मागितली जाते, त्या कामी ती जवळपास निरुपयोगी आहे. उपखंडाच्या भाषा सीमारेषा आखण्यापूर्वीच्या आहेत. बंगाली ऐकून माणूस मालद्याचा की राजशाहीचा, हे ठरवणे भाषाशास्त्रज्ञालाही जड जाईल, तेथे पोलिसाची काय कथा!

'पुरेसे ज्ञान' म्हणजे किती, याचा खुलासा कायद्यात नाही. देशीयकरणाच्या अर्जासोबत भाषेचा दाखला जोडावा लागतो, अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात आणि नागरिकत्वासाठी अर्ज करत असल्याची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात छापावी लागते. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानांवर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि नावातील बदल यांच्या शेजारी, अशी एखादी चौकट वाचकांनी पाहिलीही असेल. तिच्यामागे कोणाच्या तरी बारा वर्षांची प्रतीक्षा असते.

११ मार्च २०२४ रोजी सुधारित नागरिकत्व कायद्याचे (सीएए) नियम जाहीर झाले, तेव्हा भाषेची अट आणखी सैल करण्यात आली. अर्जदाराने स्वतः घोषणा करायची आणि अनुसूचीतील एक भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता येत असेल तर ते ज्ञान पुरेसे मानायचे, असे या नियमांत आहे. या तिहींतील एक आले तरी चालेल. हा शहाणपणाचा निर्णय होता, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. पाकिस्तानातून आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या वृद्धेकडून लेखी परीक्षेची अपेक्षा ठेवण्यात काही हशील नव्हते. मात्र हीच सवलत सर्व परदेशी अर्जदारांना का नाही, तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांपुरतीच का, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

जरीपटक्यातील खरी परीक्षा

वर्धेहून पाऊणशे किलोमीटरवरचे नागपूर हे या विषयातले महाराष्ट्राचे प्रमुख केंद्र आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या जरीपटक्यात त्यानंतरच्या दशकांतही पाकिस्तानातून नातेवाईक येतच राहिले. यात्रेच्या किंवा भेटीच्या व्हिसावर यायचे, दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळवायचा आणि त्याचे नूतनीकरण करत नागरिकत्वाची वाट पाहायची, हा अनेक कुटुंबांचा क्रम राहिला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेशातील अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सात राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. दिल्लीच्या फेऱ्या वाचल्या. हजारोंच्या घरातील शुल्कही शंभर रुपयांवर आणण्यात आले.

या लोकांची परीक्षा भाषेची नव्हती, कागदांची होती. व्हिसा, निवासाचा दाखला, पाकिस्तानी पारपत्र, तेथील नागरिकत्व सोडल्याचा पुरावा आणि सर्वांत अवघड म्हणजे आई-वडिलांच्या जन्माचा पुरावा.

हा शेवटचा कागद नीट समजून घेण्यासारखा आहे. कायद्याच्या कलम ५ नुसार 'भारतीय वंशाच्या' व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मिळते आणि या वाटेवर भाषेची अटच नाही. पण भारतीय वंशाचा कोण? जो स्वतः किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी एक जण अखंड भारतात जन्मला तो. १९४७ पूर्वी सक्करला जन्मलेल्या आजोबांना ही वाट खुली, १९६० मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलालाही खुली. पण १९९० मध्ये जन्मलेल्या नातवाच्या आई-वडिलांचा जन्म फाळणीनंतरचा असेल, तर त्याला ती बंद! तोच वाडा, तीच भाषा, तेच देवघर. आणि तिसऱ्या पिढीला मात्र कलम ६ ची बारा वर्षांची वाट. २०१९ च्या दुरुस्तीने यांतील ठरावीक समूहांसाठी आणि ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्यांसाठी ही मुदत पाच वर्षांवर आणली. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी आलेल्याला या दुरुस्तीचा उपयोग नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या अधांतरी अवस्थेची झळ सर्वांनाच जाणवली. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असा खुलासा सरकारने केला. पण वीस-वीस वर्षे येथे राहून, मुलांची लग्ने येथे करून, सरकारी खुलाशावर ज्याचा मुक्काम अवलंबून आहे, अशा माणसाला नागरिकशास्त्राचे दहा प्रश्न विचारून देशाला काय कळणार आहे?

गोठणगावचे मराठी बोलणारे परदेशी

विदर्भातच याच्या उलट उदाहरण आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. येथे जन्मलेल्या पिढ्या शेजारच्या गावांशी मराठी-हिंदीत व्यवहार करत वाढल्या. यांतील अनेकांकडे परदेशी म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र असते आणि त्याचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते.

गंमत अशी की, यांतील बऱ्याच जणांना नागरिकत्व मागण्याची गरजच नाही, ते आहेतच. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आई-वडील कोणीही असोत, जन्मानेच नागरिक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये अशांची नावे मतदार यादीत घेण्याचे निर्देश दिले. पारपत्र मागायला गेलेल्यांसमोर मात्र २०१७ मध्ये अटी ठेवल्या गेल्या. परदेशी नोंदणीचे प्रमाणपत्र परत करा, तिबेटी म्हणून मिळणारे लाभ सोडा आणि वसाहतीत राहू नका. म्हणजे नागरिक म्हणून वागवून घ्यायचे तर जन्म जेथे झाला ते घर सोडायचे. मराठीची कोणतीही परीक्षा घेतली तरी गोठणगावचा तरुण ती सहज उत्तीर्ण होईल. त्याची अडचण परीक्षेपलीकडची आहे.

आजीला मराठीतून परीक्षा

परदेशातील परीक्षांकडे पाहताना त्या तेथील कायद्यात कोठे बसतात, हे पाहणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर २००५ पासून 'लाइफ इन द यूके' ही संगणकावरील परीक्षा आहे. ४५ मिनिटांत २४ प्रश्न सोडवायचे आणि त्यांतील १८ उत्तरे बरोबर हवीत. जर्मनीने १ सप्टेंबर २००८ पासून ३३ प्रश्नांची परीक्षा सुरू केली. उत्तीर्ण होण्यास १७ बरोबर उत्तरे लागतात आणि प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. कॅनडात वीसपैकी पंधरा. ऑस्ट्रेलियाने १ ऑक्टोबर २००७ पासून परीक्षा आणली तेव्हा सर डॉन ब्रॅडमन यांच्याविषयीच्या माहितीवरून बरीच थट्टा झाली. आमच्याकडच्या एखाद्या क्रिकेटवेड्याला तेथील पंतप्रधानांचे नाव आठवले नसते, पण ९९.९४ ही सरासरी तोंडपाठ असती! नोव्हेंबर २०२० पासून तेथे 'ऑस्ट्रेलियन मूल्यां'वरचे पाच प्रश्न घातले गेले असून ते पाचही बरोबर यावे लागतात.

या परीक्षांनी एकात्मता वाढते का, याबद्दल त्या देशांतच मतभेद आहेत. ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या एका समितीने २०२२ मध्ये ब्रिटिश परीक्षेवर कठोर टीका केली. बिनमहत्त्वाच्या तपशिलांची घोकंपट्टी करायला लावणारी परीक्षा, असा तिचा सूर होता. घोकंपट्टीत आपली मुले मागे नाहीत, त्यामुळे मराठी तरुणांना या परीक्षा अवघड जात नाहीत. २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० आणि २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ भारतीयांनी भारताचे नागरिकत्व सोडले, अशी सरकारी आकडेवारी आहे. दुहेरी नागरिकत्वाला आपल्याकडे मुभा नसल्याने परक्या देशाची परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे आपोआप येथील पारपत्र परत करणे. ही माणसे तेथे गेली ती परीक्षेमुळे बिचकली नाहीत, आणि तेथे रुजली तीही परीक्षेमुळे नव्हे.

पण या पद्धतींत दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, सवलती. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे कायम रहिवासी असलेल्या व्यक्तीला इंग्रजीची अट माफ आहे. नागरिकशास्त्राची परीक्षा ती दुभाषाच्या मदतीने आपल्या भाषेत देऊ शकते. न्यू जर्सीतली मराठी आजी सर्वोच्च न्यायालयाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मराठीतून देऊ शकते. वयाने पासष्टी गाठलेल्यांना प्रश्नही थोडे असतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तेथे परीक्षा उत्तीर्ण झाली, वास्तव्य व चारित्र्याच्या अटी पूर्ण झाल्या की अधिकाऱ्याला मनात आले म्हणून नकार देता येत नाही. नकार दिला तर लेखी कारण द्यावे लागते आणि त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते.

नाताळचा अर्ज आणि गांधीजी

परीक्षेचा दुसरा चेहरा पाहायचा तर वर्धेत १९३४ पासून आणि पुढे सेवाग्रामात राहिलेल्या गांधीजींच्या आफ्रिकेतील दिवसांकडे जावे लागते. १३ जानेवारी १८९७ रोजी दर्बानच्या बंदरावर उतरलेल्या गांधीजींवर गोऱ्या जमावाने हल्ला केला, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्यानंतर काही महिन्यांतच नाताळच्या वसाहतीने जो कायदा केला, तो तितका लक्षात राहिलेला नाही. जमावाला जे दगड मारून करायचे होते, ते या कायद्याने अर्जाच्या नमुन्यावर केले. नाताळमध्ये येऊ इच्छिणाऱ्याने विहित अर्ज कोणत्याही एका युरोपीय भाषेत स्वतः लिहून द्यावा, एवढीच अट. 'भारतीय' हा शब्द नाही, वर्णाचा उल्लेख नाही. इंग्रज साम्राज्याच्या समान प्रजेचे तत्त्वही शाबूत. फक्त गुजराती, तमिळ, उर्दूत हिशेब लिहिणारा व्यापारी साक्षर असूनही निरक्षर ठरणार.

ब्रिटनचे तत्कालीन वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षी हा नमुना इतर वसाहतींपुढे ठेवला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तो उचलला आणि आणखी धारदार केला. अधिकारी निवडील त्या युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या युरोपीय लेखकाला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घालून नापास करण्यात आले. न्यायालयाने ती खटपट हाणून पाडली, तरी श्रुतलेखनाची पद्धत १९५८ पर्यंत टिकली. परीक्षा ज्ञान तपासण्यासाठी नव्हती; कोणाला नापास करायचे हे आधी ठरत असे.

गांधीजींची भूमिका मात्र सरसकट परीक्षाविरोधी नव्हती. ट्रान्सवालच्या लढ्यात शिक्षणाची परीक्षा असण्याला त्यांनी हरकत घेतली नाही. कायदा सर्वांना सारखा असावा, वंशाच्या नावाने कोणाला बंदी नसावी, हा त्यांचा आग्रह होता. जून १९०८ मध्ये सोराबजी शापुरजी अडाजानिया हे इंग्रजी जाणणारे पारशी गृहस्थ याच मुद्द्याची कसोटी पाहण्यासाठी ट्रान्सवालमध्ये शिरले. शिक्षण पुरेसे असूनही भारतीयांसाठीच्या नोंदणी कायद्याखाली त्यांना तुरुंगात जावे लागले. परीक्षेत उत्तीर्ण होणारालाही दार बंद, असे त्या प्रकरणाने उघड केले. आजच्या चर्चेत गांधीजींचा हा बारकावा उपयोगाचा आहे. परीक्षा असावी की नसावी यापेक्षा ती दिल्यावर काय मिळते, हे त्यांनी विचारले होते.

परीक्षेचा असा वापर आपल्या घरीही झाला आहे. रिक्षा परवान्यासाठी मराठी येण्याची अट राज्य सरकारने २०१५ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये परिवहन कार्यालयांत उमेदवारांकडून मराठी वाचून घेण्यात आले. प्रवाशाशी बोलता यावे, ही अपेक्षा रास्त होती. पण रिक्षा चालवणाऱ्याने बोलायचे असते, परिच्छेद वाचायचा नसतो. मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्यासाठीची ती अट रद्द केली.

पंजाबराव आणि बाबासाहेब

नागरिकत्व स्वस्त होऊ नये, ही चिंता नवी नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत ती सर्वांत जोरदारपणे मांडली ती विदर्भातल्याच डॉ. पंजाबराव देशमुख यांनी. विमानाने जाणारे एक परदेशी जोडपे मुंबईत काही तास थांबले आणि तेथे मूल जन्मले, तर ते भारतीय होणार काय, असा त्यांचा सवाल होता. या मसुद्याने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त केले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शीख व्यक्तीला नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी सूचनाही त्यांनी केली. ती मान्य झाली नाही. नागरिकत्वाच्या कलमाने मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सभागृहात सांगितले होते. कायमस्वरूपी नियम करण्याचे काम अखेर संसदेवर सोपवण्यात आले.

त्याच सभागृहाने आणखी एक निर्णय घेतला होता, तो येथे विसरता येत नाही. साक्षरतेची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढाला मताधिकार. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. मत द्यायला अक्षरओळख लागत नाही, ही त्या पिढीची भूमिका होती. मग त्याच देशात नव्याने येणाऱ्या माणसाकडून घटनेतील कलमांची संख्या पाठ करून घेणे विसंगत ठरेल. जन्मजात नागरिकांची अशी परीक्षा घेतली तर किती लोकप्रतिनिधी उत्तीर्ण होतील, हा प्रश्न निघतोच; तो येथे सोडून देऊ.

शेजारी हाच परीक्षक

नागपूरकरांना परिचित असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे जपानी भिक्खू नागपुरात आले आणि आंबेडकरी बौद्ध जनतेत मिसळून गेले. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्याबद्दल १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यावर कारवाई झाली, तेव्हा त्यांच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, सह्यांची मोहीम झाली आणि त्यांना नागरिकत्व मिळाले. पुढे ते राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले. हा माणूस येथलाच आहे, हे ज्यांच्यात तो राहिला त्यांनी सांगितले.

त्याहून जुने उदाहरण सेवाग्रामचे. वॉर्सात जन्मलेले मॉरिस फ्रीडमन गांधीजींकडे आले, भारतानंद झाले आणि त्यांनी 'धनुष तकली' तयार केली. पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यांनीच इंग्रजीत आणली. जमनालाल बजाज यांच्या सूचनेवरून मध्य प्रांतातील गोंडांमध्ये गेलेले व्हेरिअर एल्विन १९५४ मध्ये भारतीय नागरिक झाले. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगतीत विशेष सेवा केलेल्यांना सर्व अटी माफ करण्याची तरतूद कायद्यात आहे. अशा मोठ्या माणसांचे कधीच अडत नाही. अडते ते जरीपटक्यात किराणा दुकानावर बसणाऱ्याचे. त्याच्यासाठी सह्यांची मोहीम होत नाही.

मग परीक्षा घ्यावी का?

परीक्षेच्या बाजूने एकच युक्तिवाद आम्हाला वजनदार वाटतो आणि तो राष्ट्रभक्तीचा नाही. परीक्षेला गुण असतात. किती चुकले ते कळते, पुन्हा बसता येते. आज नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याला हे मिळत नाही. कायद्याचे कलम १४ सांगते की, अर्ज मंजूर करणे वा नाकारणे हे सरकारच्या किंवा विहित अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधीन आहे आणि त्यासाठी कोणतेही कारण देण्याचे बंधन नाही. तीस दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो, पण कारणच माहीत नसताना त्यात लिहायचे काय? उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते; ते कोणाला परवडते, हे सांगायला नको.

म्हणून आमचे उत्तर असे. कलम १४ तसेच ठेवून वर आणखी एक परीक्षा लादायची असेल, तर ती नाताळच्या अर्जाच्या वाटेने जाणार. छाननीच्या रांगेत आणखी एक खिडकी वाढेल, त्या खिडकीसाठी दलाल आणि शिकवणी वर्ग उभे राहतील आणि अधिकाऱ्याला नकाराचे आणखी एक निमित्त मिळेल. उलट परीक्षा ही त्या मर्जीच्या जागी येणार असेल, म्हणजे वास्तव्य पूर्ण, गुन्हा नाही, अनुसूचीतील एक भाषा बोलता येते आणि ठरलेल्या मुदतीत नागरिकत्व हक्काने मिळते, अशी व्यवस्था होणार असेल, तर तिचे स्वागत करता येईल. ती परीक्षा तोंडी असावी, ज्येष्ठांना माफ असावी. शिकवण्याची सोयही सरकारनेच करावी. १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्धेतच आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांना हिंदी शिकवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. अहिंदी भाषकांना कित्येक दशके हिंदी शिकवलेली समितीही येथेच आहे. मराठीसाठी असे काही उभे करायला राज्य सरकारला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

यांतील खर्चाचा भाग किरकोळ आहे. अवघड आहे तो अधिकार सोडण्याचा भाग. नागरिकत्व कायद्यात १९८६, १९९२, २००३, २००५, २०१५ आणि २०१९ मध्ये दुरुस्त्या झाल्या. वास्तव्याची वर्षे बदलली, जन्माचे नियम बदलले, २०१९ मध्ये धर्माचा निकष आला. कारण न देण्याची मुभा देणारे कलम १४ मधील वाक्य १९५५ पासून कायम आहे.